दोन उभ्या रेघा

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला खिळ्याला कालनिर्णय टांगलेलं असतं आणि त्यावरचा दुधाचा हिशोब नाना, म्हणजे माझे वडील, लिहितात. हे काम दुसऱ्या कुणी केलेलं त्यांना चालत नाही. सकाळी दूधवाला गेला की पेन्सिल घेऊन उभे राहायचे आणि त्या दिवसाच्या चौकटीत, तिथी आणि नक्षत्राच्या खाली उरलेल्या इवल्याशा जागेत लिहायचे : १॥. दीड लिटर. दीड लिहिण्याची ही रीत शाळेतून कधीच गेली, दुकानांतूनही गेली, पण नाना पावकी-निमकी पाठ केलेल्या पिढीतले. आधी एक, आणि त्याच्यापुढे दोन उभ्या रेघा. पाहुणे आले की २॥. दूध नासलं, परत केलं, की शून्य.

त्या दोन रेघा मी लहानपणापासून बघत आले आहे. सारख्या उंचीच्या, सारख्या अंतराच्या, गंध लावल्यासारख्या सरळ. नाना नाशिकरोडच्या प्रेसमध्ये ३६ वर्षं होते, छापलेले कागद तपासण्याच्या कामावर. केसाएवढी रेघ सरकली तरी ती दिसली पाहिजे, असं ते काम. प्रेसमधून रिटायर झालेल्या माणसांचं जेल रोड-उपनगरच्या भागात एक आपलं जग आहे. सकाळचा फेरफटका, पेन्शनच्या गप्पा, एकमेकांच्या गोळ्यांची चौकशी. नाना त्या जगातले मानाचे गृहस्थ. गळ्यात तुळशीची माळ, तोंडात हरिपाठ, चहाशिवाय दुसरं व्यसन नाही.

त्यांच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी दिवाळीच्या सुमारास त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. उजवा हात आठ दिवस जड होता, मग आला ताळ्यावर. आम्ही सुटकेचा श्वास सोडला. जानेवारीत एका रात्री आईने हाक मारली. मी धावत गेले तर नाना पलंगावर ताठ, डोळे वर, दात घट्ट मिटलेले, आणि अंग हिसके देत होतं. शेजारच्या काकू कांदा घेऊन आल्या. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण त्या क्षणी कांद्याचा काही उपयोग नव्हता. कुठेतरी वाचलेलं आठवलं, म्हणून मी नानांना कुशीवर वळवलं, तोंडात काही घालू दिलं नाही, आणि घड्याळ बघत बसले. दोन मिनिटं झाली असतील. दोन मिनिटं केवढी असतात ते त्या रात्री कळलं.

फिट येणं हा लहान मुलांचा आजार असं मी तोवर धरून चालले होते. पण अपस्मार आयुष्याच्या दोन टोकांना जास्त गाठतो. लहानपणी, आणि पुन्हा साठीनंतर. म्हातारपणी पहिल्यांदा फिट येण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे आधी येऊन गेलेला मेंदूचा झटका. जिथे रक्त पोचलं नाही तिथे व्रण राहतो आणि त्या व्रणाच्या कडेने विजेचा खेळ सुरू होतो. डॉक्टरांनी फेनिटॉइन सुरू केलं. रात्री झोपताना १०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या. नाना त्यांना ‘झटक्याची गोळी’ म्हणायचे.

आणि आम्ही ही गोष्ट लपवली. आईचाच आग्रह होता. माझ्या चुलत बहिणीचं लग्न ठरत होतं, ‘त्यांच्या घरात फिटा येतात’ हे पाहुण्यांच्या कानावर जायला नको. हिंदू विवाह कायद्यातून अपस्मार हे कारण १९९९ साली काढून टाकलं, पण आईच्या मनातून आणि आमच्या गल्लीतून ते काढायला कुणी आलं नव्हतं. या लपवण्याची किंमत पुढे नानांनीच मोजली. ते सांगतेच.

एप्रिलमध्ये पुन्हा एकदा फिट आली. लहानशी. डॉक्टरांनी तीनच्या चार गोळ्या केल्या. यात त्यांची चूक होती असं मी आजही म्हणत नाही. फिट आली की मात्रा वाढवतात, हे बरोबरच आहे. ती चौथी गोळी रोज रात्री पाण्याच्या भांड्याबरोबर नानांच्या तळहातावर मी स्वतः ठेवत होते.

मे महिन्यात नाना जरा मंद वाटू लागले. दुपारची झोप लांबली. नाशिकचा उन्हाळा, लग्नसराई, जागरणं. आम्ही कारणं शोधायच्याही भानगडीत पडलो नाही, ती आपोआप हाताशी होती. चहाचा कप ते दोन हातांनी धरायला लागले. तरी बशीत सांडायचा. वर्तमानपत्र घेऊन बसायचे आणि पाच मिनिटांत घडी करून ठेवायचे. ‘अक्षरं जोडीनं दिसतात गं,’ म्हणाले. आम्ही चष्म्याचा नंबर काढून आणला. हजारो रुपयांचा चष्मा. त्यातूनही अक्षरं जोडीनंच दिसत होती.

ज्येष्ठात निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघते, सातपूरवरून नाशिकात येते आणि पुढे नाशिकरोड, पळसे करत सिन्नरकडे जाते. गेली कित्येक वर्षं नाना नाशिकपासून पळशापर्यंत दिंडीबरोबर चालत आले आहेत. पंढरपूरपर्यंत सुटी मिळायची नाही, म्हणून एवढं तरी, असा त्यांचा नेम. रिटायर झाल्यावर गुडघ्यांमुळे पुढे जाता आलं नाही, पण पळसे चुकलं नाही. त्या वर्षी मी सोबत होते. टाळ वाजायला लागले, पाउली सुरू झाली. पाउली म्हणजे नुसतं नाचणं नाही. एक पाय पुढे, मागे, तालावर झुकणं, पुन्हा उभं राहणं, शेजारच्याच्या अंगावर न जाता. नानांनी दोन पावलं टाकली आणि ते बाजूच्या वारकऱ्यावर कलंडले. पुन्हा उभे राहिले, पुन्हा दुसऱ्या बाजूला. पाय फाकवून चालत होते, होडीत उभा राहिलेला माणूस चालेल तसे. शेवटी रस्त्याच्या कडेला दुकानाच्या पायरीवर बसले आणि टाळ मांडीवर ठेवून दिंडी पुढे जाताना बघत राहिले. काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या एकांनी मला जिन्यात गाठलं. आवाज खाली आणून विचारलं, ‘नाना हल्ली संध्याकाळचे जरा घेतात का? नाही, चालताना दिसले परवा… बोलणंही जरा…’

माळकरी माणूस. मला काय उत्तर द्यावं कळेना. मी तोंडावर म्हणायला हवं होतं, की त्यांना फिटचा त्रास आहे, औषध चालू आहे. पण ते आम्ही लपवलेलं. आम्ही खरी गोष्ट झाकून ठेवल्यावर लोकांच्या हाती अंदाज तेवढे उरले, आणि लटपटत्या पायांचा, जड जिभेचा अंदाज कुणीही एकच करील. नानांच्या कानावर हे गेलंच. त्यानंतर ते संध्याकाळी खाली उतरेनासे झाले.

जूनच्या शेवटी त्यांना मांडीला नायटा झाला. घाम, पावसाची ओल, नाशिकला त्या दिवसांत घरोघर असतोच. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि बुरशीवरची गोळी दिली, फ्लुकोनॅझोल, रोज एक. ‘दुसरी औषधं चालू आहेत का?’ असं त्यांनी विचारलं होतं. आईने सांगितलं, बीपीची आणि रक्त पातळ करायची. झटक्याची सांगितली नाही.

जुलैमध्ये नाना पलंगावरून उठेनात. दिवसभर झोप, उठवलं की गोंधळ. आपण कुठे आहोत ते विसरायचे. एकदा आईला ‘आक्का’ म्हणाले, ती त्यांची वारलेली बहीण. हरिपाठ म्हणताना शब्द एकमेकांवर घरंगळायचे. संडासात पडले, कपाळाला चार टाके. पुण्याहून दादा फोनवर म्हणाला, ‘वय झालंय गं आता, मनाची तयारी ठेव.’ घराजवळच्या डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले आधीचा झटका आहे, त्यात वय, असं हळूहळू होत जातं. विसराळूपणाच्या आजाराचं नावही घेतलं. मी फिटच्या गोळीबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी रक्तातलं प्रमाण तपासून घेतलं. एवढी काळजी त्यांनी घेतली. रिपोर्ट आला १८.९. कागदावर शेजारी छापलेलं होतं, १० ते २० योग्य. ‘बघा, औषध एकदम बरोबर आहे,’ ते म्हणाले. मीही सुस्कारा सोडला. ‘वय झालं’ हे दोन शब्द मीही तेव्हा लोकांना सांगू लागले होते. त्यात एक प्रकारची सुटका होती, हे मला मान्य करायलाच हवं. एकदा वय झालं म्हटलं की पुढे विचारायचं काही उरत नाही, धावाधाव करायची नाही, स्वतःला दोष द्यायचा नाही.

मग गॅस संपला.

सिलिंडर कधी लावलं ते आम्ही कालनिर्णयवरच लिहितो. ती तारीख शोधायला मी पानं उलटी चाळत गेले. जुलै, जून, मे, एप्रिल. आणि तिथे थांबले. पुन्हा पुढे आले. पुन्हा मागे गेले.

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातले १॥ नेहमीचे होते. दोन रेघा, सरळ, चौकटीच्या आत. मेच्या मध्याला रेघा किंचित तिरप्या, एक उंच एक बुटकी. जूनमध्ये त्या चौकटीची रेष ओलांडून खालच्या चौकटीत उतरलेल्या. जुलैत पेन्सिल कागदावर टेकवताना धक्का बसल्यासारखे ठिपके, मग रेघ नागमोडी, आणि दुसरी रेघ पहिलीला छेदून आडवी. एके दिवशी दूध नासलं होतं, तिथलं शून्य मिटलंच नव्हतं. सुरुवात एकीकडे, शेवट दुसरीकडे, मध्ये फट. दहा जुलैनंतर चौकटी रिकाम्या. त्या रिकाम्या चौकटी इतके दिवस मी रोज बघत होते आणि मला त्या दिसल्या नव्हत्या.

१७ एप्रिलच्या चौकटीत नानांच्या अक्षरात बारीक लिहिलेलं होतं, ‘झ. गोळी ४’. २६ जूनला : ‘नायटा – गोळी सुरू’.

म्हातारपण असं तारखा लावून येत नाही. एवढंच त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं. मी खिळ्यावरून कालनिर्णय काढलं, गुंडाळलं, पिशवीत घातलं. दुसऱ्या दिवशी नानांना रिक्षात घालून मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेलं.

त्या डॉक्टरबाईंनी स्कॅनच्या फिल्म्स उजेडाला धरून पाहिल्या, बाजूला ठेवल्या, आणि टेबलावर कालनिर्णय पसरलं. एकेका महिन्यावर बोट फिरवत त्या गेल्या. मग नानांसमोर आपलं बोट धरलं, ‘नाना, मान न हलवता माझ्या बोटाकडे बघा.’ बोट उजवीकडे नेलं तशी नानांची बुबुळं त्याच्यामागे गेली आणि टोकाला जाऊन थरथर उड्या मारू लागली. डावीकडे, तसंच. मी इतके दिवस त्यांच्या तोंडाकडे बघत होते, डोळ्यांत कधी असं पाहिलंच नव्हतं. नंतर स्वतःच्या नाकाला बोट लावायला सांगितलं. नानांचं बोट गालावर गेलं. फरशीच्या रेषेवरून पायापुढे पाय ठेवून चालायला सांगितलं, तर दुसऱ्याच पावलाला मी त्यांना धरलं.

‘हे वय नाही,’ त्या म्हणाल्या. ‘हे औषध आहे. रक्त पुन्हा पाठवू. आणि अल्ब्युमिन बघू.’

अल्ब्युमिन २.६ आलं. निरोगी माणसाचं साडेतीनच्या वर असतं. इथून पुढे मला जे समजलं ते मी जपून सांगते, कारण घरोघरच्या रिपोर्टांशी त्याचा संबंध आहे. फेनिटॉइन रक्तात गेलं की त्यातलं सुमारे नव्वद टक्के अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाच्या पाठीवर बसून फिरतं. पाठीवर बसलेलं काही करत नाही. जे उतरलेलं असतं, मोकळं असतं, तेच मेंदूत शिरतं. फिट थांबवतं तेही तेच आणि तोल घालवतं तेही तेच. आपला नेहमीचा रिपोर्ट बसलेलं आणि उतरलेलं दोन्ही मिळून मोजतो. वय वाढलं, आजारपण आलं, जेवण तुटलं की अल्ब्युमिन कमी होतं, पाठी कमी पडतात, मोकळ्याचा वाटा वाढतो. म्हणून नानांचा १८.९ हा आकडा कागदावर साजरा होता, पण अल्ब्युमिनचा हिशोब लावून पाहिला तर तो तिशीच्या वर जात होता. विशीच्या वर गेलं की डोळे असे उडतात, तिशीच्या वर तोल जातो, त्याच्याही वर गेलं की भान.

आणि तो नायटा. फ्लुकोनॅझोल यकृताच्या ज्या वाटेने फेनिटॉइन निकामी होऊन बाहेर पडतं तीच वाट अडवतं. एका डॉक्टरांनी मात्रा वाढवली, दुसऱ्यांनी नकळत निचरा बंद केला, आणि दोघांच्या मध्ये उभं राहून दोघांचे कागद एकमेकांना दाखवायचं काम आमचं होतं. ते आम्ही केलं नव्हतं.

त्या क्षणी मला इतका राग आला होता की घरी जाऊन सगळ्या गोळ्या कचऱ्यात टाकाव्या. डॉक्टरबाईंना ते चेहऱ्यावर दिसलं असावं. त्यांनी मला मुद्दाम बसवून सांगितलं, की फिटचं औषध मनाने एकदम बंद करायचं नाही, कधीच नाही. एकदम थांबवलं तर एकामागून एक फिटा सुरू होतात, थांबत नाहीत, आणि त्यात माणूस जातो. म्हणून त्यांनी नानांना दाखल करून घेतलं, बुरशीची गोळी बंद केली, फेनिटॉइन देखरेखीखाली थांबवलं आणि दुसरं औषध चढवलं.

चौथ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन गेले तर नाना उशीला टेकून बसलेले. मला म्हणाले, ‘अगं, दूधवाल्याचे पैसे दिलेस का? जुलै संपला असेल.’

मी खोलीबाहेर येऊन रडले.

त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर निफाडकडच्या एक ताई भेटल्या. त्यांच्या आईला व्हॅल्प्रोएट, हेही फिटचंच औषध, चालू होतं, बरीच वर्षं. हात कापायला लागले, चाल मंद झाली, बोलणं कमी झालं. कंपवात म्हणून त्याची वेगळी गोळी सुरू झाली होती. इथे आल्यावर रक्तातलं अमोनियाचं प्रमाण तपासलं, ते वाढलेलं निघालं, आणि मात्रा उतरवल्यावर म्हातारी पुन्हा सुनेवर रागावू लागली, असं त्या हसत सांगत होत्या. कुणाला कार्बामॅझेपिनने सोडियम उतरून भ्रम झालेला. प्रत्येकीची गोष्ट वेगळ्या औषधाची, पण मधला सगळा रस्ता सारखाच. आधी वय, मग नशीब, मग कुणीतरी एक प्रश्न विचारणारं.

फेनिटॉइनला मी वाईट म्हणू शकत नाही. त्याची गोष्ट वाचली तेव्हा तर नाहीच. १९०८ साली जर्मनीत हाइनरिश बिल्ट्स यांनी ते बनवलं, आणि झोप आणत नाही म्हणून ते तसंच पडून राहिलं. तेव्हाची समजूत अशी, की फिट दाबायची तर माणसाला गुंगी आलीच पाहिजे. त्याआधी, १८५७ पासून, ब्रोमाइड देत असत. ते साठत जाऊन माणसं भ्रमिष्ट व्हायची आणि वेड लागलं म्हणून वेड्यांच्या इस्पितळात पोचायची. १९१२ मध्ये फिनोबार्बिटल आलं, तेही गुंगीचंच. १९३८ साली बॉस्टनमध्ये मेरिट आणि पुटनम या दोघांनी दाखवून दिलं, की ते पडून राहिलेलं औषध माणसाला जागं ठेवून फिट थांबवतं. लाखो लोक या औषधामुळे शाळेत गेले, नोकरीला लागले, संसाराला लागले. स्वस्त आहे, खेड्यातल्या दुकानात मिळतं. माझी तक्रार औषधाशी नाही. तरुण माणसाच्या मापाचा सदरा म्हाताऱ्याला चढवायचा आणि तो पायात अडकून पडला की पायांना दोष द्यायचा, माझी तक्रार त्याच्याशी आहे.

दोन आठवड्यांनी आम्ही पुन्हा दाखवायला गेलो. नाना स्वतःच्या पायांनी, माझा दंड धरून. डॉक्टरबाई त्यांना समजावत होत्या, की यकृताची औषध जिरवायची ताकद एका मर्यादेपर्यंतच वाढते, ती मर्यादा गाठली की थोडीशी मात्रा वाढवली तरी रक्तातलं प्रमाण भरमसाट चढतं. तिनाच्या चार केल्या म्हणजे तेवढ्याच पटीत वाढेल असं होत नाही. नाना ऐकत होते. मग म्हणाले, ‘म्हणजे गंगापूर धरणासारखं.’

बाई थांबल्या.

‘धरणात पाणी येतं तसं दारं उघडतात,’ नाना म्हणाले. ‘थोडं आलं, थोडी उघडली. पातळी तिथल्या तिथे. पण सगळी दारं पूर्ण उघडून झाली, की मग येणारं पाणी जाणाऱ्यापेक्षा थोडंसं जरी जास्त असलं, तरी ते साठतच जाणार. थांबायचं नाव नाही.’

‘अगदी तसंच, नाना,’ त्या म्हणाल्या. ‘तुमची दारं पूर्ण उघडलेली होती. आणि त्या बुरशीच्या गोळीने त्यातली काही लावून घेतली.’

‘म्हणजे दुतोंड्याच्या गळ्याला पाणी लागलं होतं माझ्या,’ नाना म्हणाले.

नाशिकच्या माणसाला याहून सोपं करून सांगायची गरज नाही. गोदेला पूर आला की आपण आकडे विचारत नाही, पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं ते विचारतो. कमरेला, छातीला, गळ्याला. नारोशंकराच्या देवळाच्या घंटेपर्यंत गेलं की सराफ बाजार गेला. ती उपमा त्यांना सुचली याचा मला झालेला आनंद त्या दिवशीच्या कुठल्याही रिपोर्टापेक्षा मोठा होता. महिन्यापूर्वी हाच माणूस बायकोला ओळखत नव्हता.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. नवीन औषध होतं लेव्हेटिरासेटम. मूत्रपिंड बघून बेताचीच मात्रा दिलेली. तोल सुधारला, डोळे शांत झाले, आणि नाना चिडायला लागले. जन्मात आवाज न चढवणारा माणूस दूधवाल्यावर खेकसला. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ताट सरकवलं. आई कधी नव्हे ती घाबरली. या वेळी आम्ही वयाला किंवा आजारपणाने आलेल्या वैतागाला बोल लावला नाही. मी तारखा लिहीत होते. औषध सुरू झाल्यापासून अकराव्या दिवशी पहिला राग. फोन केला. डॉक्टरबाई म्हणाल्या, होतं असं या औषधाने, कुणाकुणाला. नाना स्वतः शरमेने मरत होते. ‘आतून कुणीतरी ढकलतं गं. मला कळतं, पण थांबवता येत नाही,’ असं मला म्हणाले. हे वाक्य ज्यांच्या घरी असा अचानक रागीट झालेला म्हातारा माणूस आहे त्यांनी ऐकावं असं वाटतं.

मग लॅमोट्रिजिन. ते फार हळू चढवावं लागतं, आठवड्याला थोडं थोडं, अंगावर पुरळ येतंय का ते बघत. २००५ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ५९३ ज्येष्ठ रुग्णांवर केलेली तीन औषधांची तुलना प्रसिद्ध झाली होती, त्यात कार्बामॅझेपिनपेक्षा लॅमोट्रिजिन आणि गॅबापेंटिन त्रासामुळे सोडून देण्याची वेळ कमी जणांवर आली. हे डॉक्टरबाईंनीच सांगितलं, आणि तरी प्रत्येक शरीर वेगळं, हेही. नानांना ते मानवलं. आता दीड वर्ष झालं, फिट नाही, राग नाही. पण तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूला बसलेला मार पुरता भरून आला नाही. वळताना ते अजून भिंतीला हात लावतात. अंधारात चालत नाहीत. पाउली घालता येत नाही. यंदा पालखी आली तेव्हा बिटको चौकाच्या अलीकडे खुर्ची टाकून बसले होते आणि टाळ वाजवत होते. तालाला चुकले नाहीत.

सोसायटीतल्या त्या गृहस्थांना मी जिन्यातच गाठलं आणि सांगितलं. नानांना फिटचा आजार आहे, औषधाचं विष झालं होतं. त्यांनी चप्पल काढून घरात येऊन नानांचे पाय धरले. आई चहा टाकायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. पुढच्या आठवड्यात तळमजल्यावरच्या काकूंनी मला हळूच बोलावून एक डबा दाखवला. त्यांच्या सासऱ्यांच्या गोळ्या. ‘तेही हल्ली फार झोपतात गं. बघतेस का जरा, यात काय काय आहे?’ मी डॉक्टर नाही. मी त्यांच्याबरोबर बसून प्रत्येक पाकिटावरचं नाव आणि सुरू झाल्याची तारीख एका कागदावर लिहून दिली, आणि तो कागद घेऊन कुणाकडे जायचं ते सांगितलं.

आमच्याही घरी आता तसा कागद आहे, नानांच्या पाकिटात, एसटीच्या सवलतीच्या कार्डामागे. कुठल्याही डॉक्टरांकडे गेलं की आई आधी तो काढते. डोळ्यांच्या, दातांच्या, त्वचेच्या. ‘यांना फिटची गोळी चालू आहे’ हे वाक्य ती आता वेटिंग रूममध्ये सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणते. चुलत बहिणीचं लग्न, सांगायला हरकत नाही, छान झालं.

त्या वर्षीचं कालनिर्णय मी जपून ठेवायचं म्हणून कपाटावर ठेवलं होतं. दिवाळीच्या साफसफाईत आईने ते काढलं आणि त्याचे कागद डाळींच्या डब्यांखाली घातले. चांगला जाड कागद असतो, वाया कशाला घालवायचा. मला कळलं तेव्हा आधी राग आला. परवा तूरडाळीचा डबा उतरवला तर खाली जुलैचं पान. तेलाचा एक डाग पडलेला, आणि त्याच्या कडेला ती नागमोडी रेघ, दुसरी तिला छेदून आडवी झालेली. भिंतीवरच्या नव्या कालनिर्णयावर नानांनी नुकतंच सकाळचं दूध लिहिलं होतं. १॥, रेघा थोड्या जाड, थोड्या तिरप्या, चौकटीच्या आत. बाहेर ते दूधवाल्याशी सुट्ट्या पैशांवरून घोळ घालत होते.

मी डाळ काढून घेतली आणि डबा परत त्याच पानावर ठेवला.